‘नंबरने शोधा’ बंद करताना

“मॅम, माझा नंबर टाकून पाहा,” ती म्हणाली आणि नंबर सांगायला लागली.

मी तिला थांबवलं. “तूच टाक. मी बघते.”

ती वडिलांना घेऊन आमच्या ऑफिसात आली होती. वडिलांच्या फोनवर तिने आदल्या दिवशीच आमचं ॲप टाकलं होतं. नवं खातं, ओळखपत्रसुद्धा अजून दिलेलं नाही. तिने ‘नंबरने शोधा’वर बोट ठेवलं आणि स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. स्क्रीनवर तिचं नाव आलं, फोटो आला आणि खाली तिच्या वॉलेटचा ॲड्रेस आला. तिने तो कॉपी केला, दुसरी एक वेबसाइट उघडली, तिथे चिकटवला आणि फोन माझ्याकडे सरकवला.

तिची वर्षभराची कमाई आणि वर्षभराचा खर्च माझ्यासमोर होता. ती आणि तिचे वडील माझ्याकडे बघत होते. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

नागपुरात आयटी पार्कच्या रस्त्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही क्रिप्टो वॉलेटचं ॲप चालवतो. माझं पद प्रायव्हसी लीड. म्हणजे वापरणाऱ्याची माहिती नको त्याच्या हाती जाऊ नये, एवढं बघायचं. आधी बरीच वर्षं बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढली, मग इथे आले. घर प्रताप नगरला, स्कूटरने पाच-दहा मिनिटांवर. इथे येण्यामागे तेही एक कारण होतं.

या मुलीला स्नेहल म्हणू. हे लिहिण्याआधी मी तिला विचारलं. ती म्हणाली लिहा, नाव आणि ओळख पटेल ते बदला. मी बदललं आहे. ती सावनेरकडची आहे, एवढं राहू द्या असं तिचंच म्हणणं. कारण गाव लहान असलं की काय होतं ते त्याशिवाय कळत नाही.

स्नेहल कॉम्प्युटर गेमसाठी घरं, झाडं, रस्ते तयार करून देते. काम देणारा स्टुडिओ परदेशातला. ते पगार क्रिप्टोत देतात, डॉलरच्या भावाशी बांधलेल्या नाण्यात. ते नाणं येतं वॉलेटमध्ये. वॉलेटला ॲड्रेस असतो, म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची लांबच लांब माळ. बँकेचं पासबुक तुम्ही बघता आणि बँक बघते. क्रिप्टोचं पासबुक सगळ्या जगासाठी उघडं असतं. कोणीही वेबसाइटवर जाऊन बघू शकतो. त्याच्यावर नाव तेवढं नसतं. कोणत्या माणसाचा कोणता ॲड्रेस हे कळत नाही, तोवर ठीक आहे. एकदा कळलं की मागचं सगळं कळतं आणि पुढचंही कळत राहतं.

आमच्या ॲपने ते नाव जोडून दिलं होतं.

‘नंबरने शोधा’ हे आमचं सगळ्यात लाडकं फीचर. ॲड्रेस टाइप करताना लोक चुकतात आणि चुकीच्या ठिकाणी गेलेले पैसे परत येत नाहीत. म्हणून प्रॉडक्टवाल्यांनी सोय केली: मोबाइल नंबर टाका, माणूस समोर येईल. सोय खरंच चांगली होती. फक्त समोर येणाऱ्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं. मी रुजू होण्याआधीच ते चालू झालं होतं. आल्या आल्या मी त्यावर लेखी आक्षेप घेतला होता, तो ‘पुढच्या तिमाहीत बघू’ या रांगेत पडून होता.

स्नेहलचं लग्न ठरत होतं. मुलाकडच्या एका नातेवाइकाच्या फोनमध्ये आमचं ॲप होतं. त्याने तिचा नंबर टाकला. पगार दिसला. आणि दर महिन्याला एका ठरावीक ॲड्रेसवर जाणारी रक्कमही दिसली. त्याने तो ॲड्रेस इंटरनेटवर शोधला. तो परदेशातल्या एका ऑनलाइन समुपदेशन केंद्राचा निघाला. केंद्राने पैसे घेण्यासाठी तो आपल्याच वेबसाइटवर लावला होता.

तिची आई गेल्यावर स्नेहल झोपेनाशी झाली होती. कामावरच्या एका मैत्रिणीने तिला त्या केंद्राचं नाव सुचवलं. ती तिथल्या बाईंशी आठवड्यातून एकदा व्हिडिओवर बोलायची. एवढंच होतं. पण लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाच्या तोंडून ते सावनेरला पोहोचेपर्यंत ‘पोरीच्या डोक्याचा इलाज चालू आहे आणि घरच्यांनी लपवलं’ असं झालं. लग्न मोडलं. गावातल्या बाया घरी येऊन तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या, आजाऱ्याशी बोलतात तसं.

तिने आमच्या सपोर्टला तक्रार केली होती. सपोर्टने उत्तर दिलं की ब्लॉकचेन, म्हणजे क्रिप्टोचं ते उघडं पासबुक, सार्वजनिकच असते, त्यात ॲपचा दोष नाही, आणि तक्रार बंद केली. उत्तराच्या शेवटी हसरा चेहरा होता. म्हणून ती स्वतः आली होती.

तिचे वडील कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर झालेले. त्यांनी विचारलं, “मॅडम, हे पुसता येते का?”

“नाही. ब्लॉकचेनवर गेलेलं कोणालाच पुसता येत नाही. आम्हालाही नाही.”

“मंग कोणी पाह्यलं ते सांगा. तुमच्याकडं असंलच.”

असतंच. कोणत्या खात्यावरून कोणता नंबर शोधला गेला याची नोंद सर्व्हरवर राहते. ती काढायला मला फार वेळ लागला नसता. मी म्हटलं, “काका, ते मी देऊ शकत नाही. तुम्ही पोलिसांत तक्रार द्या. त्यांनी लेखी मागितलं की आम्ही देऊ.”

“काहून? चोरी त्यानं केली न?”

मी समजावायचा प्रयत्न केला. शोधणारा आवडो न आवडो, तोही आमच्याकडे खातं असलेला माणूस आहे. आज मी त्याची माहिती तुम्हाला माझ्या मर्जीने दिली, तर उद्या कोणीतरी रागावून आलेल्याला तुमच्या मुलीची देईन. कोणाला द्यायची आणि कोणाला नाही हे मी माणूस बघून ठरवायला लागले की संपलं.

स्नेहल शांतपणे म्हणाली, “म्हणजे त्याचं झाकून ठेवायचं आणि माझं उघडं.”

ती बरोबर होती आणि तरीही मी नावं देणार नव्हते. हे दोन्ही एकाच वेळी खरं असणं फार जड जातं.

तीच पुढे बोलली. “मॅम, मला लपवायचं नव्हतं. मी त्या मुलाला सांगणारच होती. पण कधी सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, हे मी ठरवणार होती. ते राहिलंच नाही.”

मी तिला तिथल्या तिथे दोन गोष्टींचं वचन दिलं. तुझं पुढचं कोणाला दिसणार नाही अशी व्यवस्था मी स्वतः करून देईन. आणि हे फीचर बंद होईल. दुसरं वचन देण्याचा मला अधिकार नव्हता. ते दोघं लिफ्टने खाली गेले आणि मी जिना चढून समीर सरांच्या केबिनमध्ये गेले.

समीर सर आमचे मालक. माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, इथेच नागपुरात वाढलेले. माणूस वाईट नाही. कंपनी घरातून सुरू केलेली, त्यामुळे प्रत्येक फीचरवर त्यांचा जीव. मी सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. मग ते म्हणाले की आपण एक सूचना टाकू, ‘तुमचा नंबर इतरांना दिसू शकतो’ अशी, आणि ज्याला नको त्याने सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं.

मी म्हटलं, सेटिंगमध्ये कोणी जात नाही. आपण मुळात बंद ठेवू, ज्याला पाहिजे त्याने चालू करावं.

“वैशाली मॅम, नवे लोक येतात ते याच फीचरमुळे. मित्र दिसतात म्हणून येतात. बंद केलं तर कोणी चालू करणार नाही.”

“मग कोणालाच ते नको आहे, असा त्याचा अर्थ झाला ना सर?”

ते हसले, पण मान्य झालं नाही. त्यांनी दुसरा मुद्दा काढला. उद्या सरकारी खात्याने विचारलं की तुम्ही लोकांचे व्यवहार लपवता का, तर काय सांगायचं? हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो, आणि तो चुकीचा नाही. मी सांगितलं की आपण सरकारपासून काही लपवत नाही. पैसे रुपयांत काढणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र आपल्याकडे आहे, व्यवहारांची नोंद आहे, कायद्याने मागितलं की आपण देतो. प्रश्न सरकारचा नाही. प्रश्न शेजाऱ्याचा आहे, साडूचा आहे, सोडून गेलेल्या नवऱ्याचा आहे. बँकसुद्धा सरकारला हिशेब देते, म्हणून ती तुमचं पासबुक गल्लीत वाचून दाखवत नाही.

मग मी म्हटलं, “सर, एक करा. मी बाहेर थांबते. तुम्ही स्वतःचा नंबर टाका आणि पुढे ॲड्रेस घेऊन त्या वेबसाइटवर जा. मी बघणार नाही. नंतर विचारणारही नाही.”

मी केबिनचं दार ओढून घेतलं आणि बाहेर अंकुशच्या टेबलाशी उभी राहिले. अंकुश आमचा मुख्य इंजिनिअर. काय झालं म्हणून त्याने भुवया उडवल्या. मी हाताने थांब म्हटलं.

दार उघडलं तेव्हा सरांचा चेहरा बदललेला होता. काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी शब्द दिल्याप्रमाणे विचारलं नाही. ते म्हणाले की बंद करू, पण सणाची ऑफर संपल्यावर. जाहिरात त्याच फीचरवर आहे, पैसे भरून झाले आहेत.

माणूस हलतो, पण तारखेपाशी अडतो. मी म्हटलं, ठीक आहे, तोवर शोधण्यावर मर्यादा तरी घालू, आणि मर्यादा किती असावी ते ठरवायला मला वापराची नोंद बघावी लागेल. नंबर आणि नावं झाकून, फक्त कोणतं खातं किती वेळा शोधतं एवढीच. त्यांनी परवानगी दिली.

अंकुशने तशी यादी काढली. साधा माणूस फार तर दोन-चार नंबर शोधतो. यादीच्या अगदी वर एक खातं होतं, ज्याने हजारो नंबर शोधले होते. अंकुशने नीट पाहिलं. ते खातं ओळखीचे लोक शोधतच नव्हतं. एकामागून एक क्रमाने नंबर टाकत होतं, यंत्र टाकतं तसं. प्रत्येक वेळी नाव, फोटो, ॲड्रेस घेऊन पुढे जात होतं.

कोणीतरी नावासकट यादी बनवत होतं. कोणाच्या वॉलेटमध्ये किती आहे, त्याचा चेहरा कसा आहे, फोन नंबर काय आहे. अशा यादीचा उपयोग काय होतो हे आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. आधी गोड बोलणारे फोन येतात. मग धमकीचे येतात. कधी कधी घराची बेल वाजते.

मी लॅपटॉप उचलून सरांसमोर ठेवला. त्यांनी यादी वाचली, अंकुशकडे पाहिलं आणि म्हणाले, “बंद कर.”

“आत्ता?”

“आत्ता. जाहिरातीचं मी बघतो.”

अंकुशने त्याच दुपारी फीचर बंद केलं. ते खातंही गोठवलं आणि आम्ही सायबर पोलिसांत रीतसर तक्रार दिली. ज्यांचे ॲड्रेस त्या खात्याने उचलले, त्या सगळ्यांना साध्या मराठी-हिंदीत मेसेज पाठवला: तुमची माहिती आमच्या ॲपमधून गेली आहे, असे फोन आले तर हे करा, हे करू नका. वकिलांचं म्हणणं होतं की एवढं स्पष्ट लिहू नका. सर म्हणाले, लिहा. त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर आहे.

पुढचे काही आठवडे फोन वाजत राहिले. लोक चिडले, काही सोडून गेले. सपोर्टच्या मुलामुलींबरोबर मी स्वतः बसून उत्तरं दिली. हसरे चेहरे काढून टाकले.

आता पहिलं वचन राहिलं होतं. फीचर बंद झालं तरी स्नेहलचा ॲड्रेस ज्यांना कळायचा त्यांना कळला होता. तो आता तिच्या नावाचाच झाला होता. त्यावर येणारा प्रत्येक पगार ते लोक बघत राहू शकत होते.

तोडगा तसा जुना आहे. एका वॉलेटला एकच ॲड्रेस असावा असा नियम नाही. दर वेळी पैसे घेताना नवा ॲड्रेस देता येतो, वॉलेट उघडायची किल्ली एकच राहते. बाहेरच्याला ते वेगवेगळ्या माणसांचे वाटतात. आमच्या ॲपमध्ये सोपं पडावं म्हणून एकाला एकच दिला होता. मी अंकुशला म्हटलं, हे बदलायचं.

तो म्हणाला की दोन अडचणी आहेत. एक, प्रत्येक ॲड्रेसवरून पैसे हलवायला नेटवर्कची फी लागते, ती प्रत्येक ठिकाणी वेगळी ठेवावी लागेल. दुसरी जास्त वाईट. माणसाला मोठी रक्कम द्यायची असली की तो चार ॲड्रेसमधून थोडे थोडे एकत्र करणार. एकत्र केले की बघणाऱ्याला कळलं, हे चारही एकाचेच. सगळी मेहनत पाण्यात.

फी कंपनीने भरायची, सगळ्यांची एकाच खात्यातून, असं ठरलं. त्यावरून कोणता ॲड्रेस कोणाचा हे ओळखता येत नाही. दुसऱ्या अडचणीवर पूर्ण इलाज नाही. आम्ही एवढं केलं की ॲप शक्यतो एकाच ॲड्रेसमधून पैसे देईल, आणि एकत्र करायची वेळ आलीच तर आधी थांबून सांगेल की यामुळे हे ॲड्रेस जोडले जातील, चालेल का. अंकुशला हा प्रश्न विचारणं कटकटीचं वाटत होतं. मी हटले नाही. विचारणं हेच तर आम्ही विसरलो होतो.

मी स्नेहलला फोन केला. जुन्या ॲड्रेसमधले पैसे नव्यात टाकू नकोस, असं बजावलं. टाकलेस तर जुन्याचा माग नव्यापर्यंत येईल. जुन्यातलं सगळं आमच्याकडे विकून रुपयांत बँकेत घे. कर कापला जाईल तो जाऊ दे, सगळं नियमात राहील. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसेल की पैसे आमच्या कंपनीकडे आले, पुढे काही नाही. मग स्टुडिओला नवा ॲड्रेस दे, दर महिन्याला वेगळा. समुपदेशन केंद्रालाही एक ईमेल कर की प्रत्येक पेशंटला पैसे भरायला वेगळा ॲड्रेस द्या. एकच ॲड्रेस वेबसाइटवर लावून ते आपल्या सगळ्या पेशंटना उघडं पाडत आहेत.

शेवटचं ऐकून ती म्हणाली, “हे तर माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. तिथे माझ्यासारखे किती असतील.” तो ईमेल तिने त्याच दिवशी पाठवला. केंद्राने महिन्याभरात पद्धत बदलली. माझ्या मते या सगळ्यात झालेलं हे सगळ्यात मोठं काम आहे आणि ते आमच्या कंपनीने केलेलं नाही.

पोलिसांत जायचं का, हे मी तिला पुन्हा विचारलं. ती नको म्हणाली. नाव कळून तिला काही करायचं नव्हतं. वडिलांना मात्र जायचं होतं. त्यांनी फोन हातात घेतला आणि मला सांगितलं की मध्यस्थ परत आला होता. मुलाकडचे पुन्हा विचार करायला तयार आहेत म्हणे, पोरीनं तो इलाज बंद करावा एवढीच अट. “मॅडम, तिनं त्याले चहा पाजला अन् नाही म्हणून सांगतलं. मी काई बोललोच नाही. ते झोपते आता रातभर, मले आणखी काय पाह्यजे.”

‘नंबरने शोधा’ काही महिन्यांनी परत आलं, वेगळ्या रूपात. आता नंबर टाकला की समोरच्याला विचारणा जाते. त्याने हो म्हटलं तरच ॲड्रेस मिळतो, तोही त्या एका व्यवहारापुरता. सरांचं भाकीत खरं ठरलं. फार थोडे लोक ते वापरतात. नव्या लोकांचा ओघ कमी झाला, तो अजून पहिल्यासारखा नाही. मीटिंगमध्ये आलेख दाखवताना सर त्या उताराशी पोहोचले की माझ्याकडे बघतात. मी वहीत काहीतरी लिहिते.

दरवर्षी आमच्याकडे कामाचा आढावा होतो. मार्केटिंगवाले नवे ग्राहक दाखवतात, अंकुश नवी फीचर दाखवतो. माझी पाळी आली की सर विचारतात, यावर्षी दाखवण्यासारखं काय आहे. मी म्हणते, काही नाही. माझं काम नीट झालं तर कोणाला काही दिसत नाही. पगारवाढ मागताना हे थोडं अडचणीचं जातं.